रिब की साबुदाणा? ऐंशी आणि एक्याऐंशी टाक्यांची गोष्ट

"एक सुलट, एक उलट" एवढंच सांगून कुणाला टोपी विणायला बसवू नये. मी भाचीला तसंच बसवलं होतं. धुळ्याच्या थंडीसाठी तिला टोपी आणि मफलरचा एकसारखा जोड हवा होता. चार बोटं विणून तिने आणून दाखवलं, तर आई म्हणाली, "हाई टोपी शे का थैली व माय?" रिब, म्हणजे उभ्या रेघांची वीण, आलीच नव्हती. आला होता साबुदाणा, म्हणजे दाणेदार वीण. (उपासाचा नव्हे.)

गफलत होणं साहजिक आहे. दोन्ही विणींत तेच दोन टाके, तोच क्रम. दोन्ही विणी मागून-पुढून सारख्या दिसतात, आणि साध्या विणीसारख्या कडेने गुंडाळत नाहीत. पण रिबमध्ये समोर दिसणाऱ्या सुलटावर सुलट आणि उलटावर उलट येतो, म्हणून उभ्या रेघा उमटतात. साबुदाण्यात सुलटावर उलट, उलटावर सुलट, म्हणून दाणे विखुरतात. काम उलटवलं की मागच्या ओळीतला सुलट आपल्याला उलट दिसतो, हे मात्र लक्षात असू द्या. सुलट टाका बाणाच्या टोकासारखा, उलट टाका आडव्या मण्यासारखा. एवढं ओळखता आलं की तोंडाने मोजत बसायला नको.

भाची मोजतच होती. ती प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू करायची. तशी सवय असेल तर सगळा खेळ सम-विषमाचा असतो: सुईवर 80 टाके असतील तर रिब होते, 81 असतील तर साबुदाणा. गोल सुईवर न थांबता एक सुलट एक उलट विणत गेलं तरी तेच. आणि 80 चे 81 नकळत होतात. उलट टाक्यासाठी पुढे घेतलेला धागा सुलटाआधी मागे न्यायला विसरलं, की तो सुईवरून जातो आणि एक फुकटचा टाका वाढतो.

दिसण्यापेक्षा वागण्यातला फरक मोठा. रिबमध्ये सुलट टाके पुढे येतात, उलट मागे दबतात, त्यामुळे वीण आकसते आणि ताणली की परत जागेवर येते. साबुदाणा पसरून सपाट राहतो. म्हणून 22 इंची डोक्याला रिबची टोपी 19-20 इंचच विणायची, ती बसते. साबुदाण्याची टोपी तितकी धरून बसत नाही. पहाटे मोटारसायकलवर किंवा रात्रीच्या लाइटवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाताना कान झाकलेले राहायला हवेत, डोळे नव्हे. टोपीला रिबच, यात मी तडजोड करत नाही.

मफलरला साबुदाणा चालतो, छान पडतो. पण जोड जुळवायचा असेल तर तिथेही रिब घ्या, मात्र टाके वाढवून, कारण तेवढ्याच टाक्यांत रिबची पट्टी बरीच अरुंद दिसते. दोन सुलट दोन उलट केलंत तर टाके चारच्या पटीत घेऊन वर दोन घाला, म्हणजे दोन्ही कडा सारख्या येतात. आपल्याकडच्या सुयांचा जुना नंबर उलटा चालतो: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर त्याहून बारीक. टोपीच्या काठाला बारीक सुई घ्या. आणि बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा बहुधा ॲक्रिलिकचा असतो. त्यावर गरम इस्त्री फिरवली की रिबची ताणच मरते.

रिबच्या रेघेत एखादाच टाका चुकला असेल तर सगळं उसवायची गरज नसते. तेवढा टाका चुकीपर्यंत खाली सोडायचा आणि क्रोशाच्या सुईने वर चढवायचा. भाचीने मात्र सगळं उसवलं. आजीचं बोलणं लागलं होतं तिला.