पोरं वर्गात खेळून राहिली का शिकून? यामागची जुनी गोष्ट

जूनअखेर शाळा उघडली की (आपल्या विदर्भात उन्हामुळे उशिराच उघडते) पंधरा दिवसांत एक तरी आई दारात येऊन विचारतेच, मॅडम वही तर कोरीच आहे, पोरगं म्हणते काल चिंचोके मोजले आज काड्या मोजल्या, मग शिकवणं कधी सुरू होणार? मी नागपूरच्या बाहेरच्या अंगाला दुसरीचा वर्ग घेते आणि हा प्रश्न मला बिलकुल चुकीचा वाटत नाही. लेकराची काळजी आहे म्हणूनच विचारतात. पण हे कृती, उपक्रम वगैरे काल-परवा मोबाईलवरून आलेलं फॅड आहे असं जे लोकांना वाटते ना, ते तसं नाही. याचं एक मोठं मूळ तर आपल्या नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर आहे, वर्ध्याला.

त्याच्याही आधीपासून सांगते. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायचं आणि पाढे म्हणायचे, तेही नुसते बे एके बे नाही, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी सगळं तोंडपाठ, कारण पुढं दुकानात, शेतीच्या हिशेबात तेच लागायचं. म्हणजे पाठांतर होतं पण ते कशासाठी हे पोराला माहीत होतं. मग नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1846 मध्ये शाळा काढली, 1861 मध्ये मध्यप्रांत झाला, सरकारी शाळा वाढल्या, क्रमिक पुस्तकं आली, परीक्षा आली आणि तपासनीस आला की घडाघडा म्हणून दाखवणं हेच शिक्षण होऊन बसलं. पाढा राहिला पण त्याच्यामागचं दुकान गेलं.

आता वर्धा. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला तिथं शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. तिथून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि तिनं डिसेंबरात अहवालही देऊन टाकला. सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एक हस्तोद्योग. हीच नई तालीम. मला सगळ्यात जास्त थक्क करते ते त्यातलं वेळापत्रक: साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला आणि मातृभाषेला फक्त 40 मिनिटं! पण ती 3 तास 20 मिनिटं म्हणजे नुसती सूतकताई नव्हती. तकलीवर, म्हणजे हातानं फिरवायच्या छोट्या चातीवर, पोरगं सूत काढते, मग ते मोजते, चार फुटांची एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे एका गुंडीत तारा किती? 640. गुणाकार झाला की नाही? कापूस कुठल्या जमिनीत येते हे विचारलं की भूगोल सुरू, आणि आज काय काय केलं ते पोरगं सांगायला लागलं की भाषा. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्यानं, म्हणजे ई. डब्ल्यू. आणि आशादेवींनी, हिंदुस्थानी तालिमी संघाकडून हे काम चालवलं.

त्या काळात नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होती, त्यामुळं ही चर्चा थेट इथल्या सरकारात आली. रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली, दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवायची असं त्यात होतं. नावातल्या 'मंदिर' शब्दावरून मुस्लिम लीगनं मोठा विरोध केला, पुढं 1939 मध्ये काँग्रेसच्या सरकारांनी राजीनामेच दिले आणि ते गाडं तिथंच रुतलं.

स्वातंत्र्यानंतर नई तालीम का मागं पडली याचं माझ्या मते खरं कारण घरात आहे. बापाला वाटायचं मी कापूस वेचतो, पोरानंही शाळेत जाऊन कापूसच करायचा का? त्याला नोकरी पाहिजे होती आणि नोकरीचा रस्ता पुस्तकातून आणि परीक्षेतून जात होता. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मग 1964-66 च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव, म्हणजे हातानं काम करत शिकणं, सुचवला आणि आपल्याकडं तो वेळापत्रकात आठवड्याचा एखादा तास होऊन राहिला, फाईल करायची, कागदी फुलं चिकटवायची, मार्क घ्यायचे. गणित तिकडं आणि हात इकडं अशी वाटणी झाली ती झालीच.

दुसरा धागा बालवाडीकडचा. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीला होत्या, नंतर गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, 1945 ला बोर्डी गावात काम सुरू केलं, आणि अनुताई वाघांसोबत ते पुढं कोसबाडला नेलं. माँटेसरी पद्धतीचं, म्हणजे वस्तू हाताळत शिकायचं, महागडं साहित्य गरीब पोरांना कुठून आणणार, म्हणून त्यांनी शंख, शिंपले, बिया, दगड घेतले. आमच्या वर्गातले चिंचोके त्याच वाटेनं आलेत.

1967 ला बालभारती आली, पुस्तकं स्वस्त आणि चांगली झाली, ते मोठंच काम. 1987 ला खडू-फळा मोहीम सुरू झाली, प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याच्या पेट्या. माझ्या पहिल्या शाळेत अशी एक गणितपेटी कपाटात होती, कपाटाला कुलूप, कारण काही हरवलं तर भरून कोण देणार! मी रुजू झाले तेव्हा त्यातल्या मण्यांच्या माळा पिशवीतून बाहेरच निघालेल्या नव्हत्या, आणि ते आठवलं की अजून वाईट वाटते. मग 1993 ची यशपाल समिती दप्तराच्या ओझ्याबद्दल बोलली, 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा, त्यातच कृतीतून, शोधातून शिकणं हे लिहूनच दिलं. 22 जून 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर निघाला, ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरगं आपलं ज्ञान स्वतःच रचते, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, साताऱ्याच्या कुमठे बीटमधले (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे आणि येऊन आपापल्या वर्गाच्या फरशांवर अक्षरं, अंक रंगवायचे. काही ठिकाणी फक्त फरशीच रंगली हेही खरं. 2021 पासून निपुण भारत, तिसरीपर्यंत समजून वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे.

2019 चं ते प्रकरण आठवते का? दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असंही वाचायला दिलं होतं. केवढा गदारोळ! गणिताच्या पुस्तकाच्या समितीवरच्या मंगला नारळीकरांना किती समजवावं लागलं की जुनं काढलेलं नाही, जोडीला दिलंय. मी वर्गात रोज बघते, 'त्रेसष्ट' म्हटलं की पोरगं आधी तीन लिहिते मग सहा, झाले छत्तीस. 'साठ तीन' म्हटलं की दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे उचलते आणि तीन सुट्या काड्या, मग हळूच म्हणते, हे त्रेसष्ट होय मॅडम.

परवा एका आईला मी वर्गातच बसवून घेतलं. फळ्यावर 42 वजा 17. एका पोरीनं चार गठ्ठे आणि दोन काड्या मांडल्या, दोनातून सात जात नाहीत म्हणून थोडा वेळ नुसती बघत राहिली, मग एका गठ्ठ्याचं रबर काढलं, दहा काड्या सुट्या केल्या, बारातून सात बाजूला, तीन गठ्ठ्यांतला एक बाजूला. पंचवीस. आई म्हणे, हातचा म्हणजे हे होतं का, आम्हाला तर नुसतं शेजाऱ्याकडून एक घ्या असं सांगितलं होतं. मग ती स्वतःच रबर घेऊन सुटलेल्या काड्यांचे गठ्ठे बांधायला बसली.