लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचे नाव कसे ठरते

लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांना नावे देण्याची जुनी पद्धत सरळ होती: संगणक सुरू होताना कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे कार्ड आधी सापडेल ते ‘ईटीएच०’, त्यानंतरचे ‘ईटीएच१’. एकच कार्ड असेपर्यंत त्यात अडचण नव्हती. पुढे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे प्रोग्राम, एकापाठोपाठ एक सुरू न होता एकाच वेळी सुरू होऊ लागले आणि कोणते कार्ड आधी सापडेल याचा भरवसा उरला नाही. एक कार्ड इंटरनेटकडे आणि दुसरे कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्ककडे असलेल्या सर्व्हरवर ही नावे रीस्टार्टनंतर आपसांत बदलली, तर बाहेरच्यांना अडवणारे फायरवॉलचे नियम आतल्या बाजूला लागतात आणि बाहेरची बाजू उघडी पडते.

लिनक्समध्ये उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या यूडेव्ह या प्रणालीने यावर आधी काढलेला तोडगा म्हणजे प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) फाइलमध्ये नोंदवून त्याला दर वेळी तेच नाव देणे. परंतु यूडेव्ह जे नाव द्यायला जाई, तेच नाव नेमक्या त्या क्षणी कर्नेल दुसऱ्या कार्डाला देत असण्याची शक्यता राहत असे. शिवाय व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची) प्रत काढली की तिला सहसा नवा मॅक पत्ता मिळतो, पण जुनी नोंद प्रतीतही राहते. परिणामी ‘ईटीएच०’ हे नाव अस्तित्वात नसलेल्या कार्डासाठी राखीव आणि समोरचे एकमेव कार्ड ‘ईटीएच१’, असा विचित्र प्रकार घडे.

जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीच्या) १९७व्या आवृत्तीने नाव सापडण्याच्या क्रमाऐवजी कार्डाच्या जागेवरून ठरवायला सुरुवात केली. ‘ईएनपी३एस०’ हे नाव दिसते किचकट, पण त्यात ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘पी३’ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची पीसीआय बस (मदरबोर्डला कार्डे जोडणारा मार्ग) आणि ‘एस०’ म्हणजे त्या बसवरील शून्य क्रमांकाचा स्लॉट. वायफाय कार्डाचे नाव ‘डब्ल्यूएल’ने सुरू होते. येथे एक गोम आहे: पीसीआय उपकरणांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा बसचा क्रमांक षोडशमान (सोळा अंकांच्या, जिथे ‘ए’ म्हणजे दहा) पद्धतीत दाखवते, तर नावात तो दशमान असतो; म्हणून तिथली ‘०ए’ बस नावात ‘पी१०’ होते.

या नावांना ‘प्रेडिक्टेबल’ (आधी सांगता येणारी) म्हटले जाते, हे मात्र थोडे जपूनच घ्यावे. बसचे क्रमांक मदरबोर्डवर कोरलेले नसतात. ते सुरुवातीच्या तपासणीत ठरतात. त्यामुळे पीसीआय मार्गावर जोडली जाणारी नवी एनव्हीएमई ड्राइव्ह (साठवणीचे उपकरण) बसवल्यावर हात न लावलेल्या नेटवर्क कार्डाचे नाव ‘ईएनपी४एस०’ होऊ शकते. मॅक पत्त्यावरून नाव देण्याचा पर्यायही आहे: ‘ईएनएक्स’ची तीन रोमन अक्षरे आणि पत्त्याची बारा चिन्हे मिळून बरोबर पंधरा होतात, आणि कर्नेल नावासाठी तेवढीच जागा देते. मात्र कार्ड बदलले की हे नावही बदलते.

घरच्या एका कार्डाच्या संगणकावर कर्नेलला ‘नेट.आयएफनेम्स=०’ हा पर्याय देऊन ‘ईटीएच०’ परत आणण्यात काहीच गैर नाही.