डोक्यातली गाठ स्वतःसाठी रक्ताची चारी कशी काढते

मामांचा एमआरआय धुळ्याला झाला तेव्हा आधी साधा काढला, मग हाताला इंजेक्शन देऊन परत मशीनमध्ये घातलं. फिल्मवर मधे काळं आणि भोवती पांढरी कडी. ती कडी का दिसते हे मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर वाचत गेलो तसं समजत गेलं.

पेशी जिवंत राहायची तर रक्ताची बारीक नळी तिच्यापासून केसाच्या एक-दोन जाडीएवढ्याच अंतरावर लागते, त्यापलीकडे ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नवीन नळ्या हव्यातच, हे ज्युडा फोकमन या सर्जनने 1971 मध्ये मांडलं.

आमच्या पांझरा नदीच्या फडात, म्हणजे पाटाचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतीत, पाटकरी असतो, ज्याची पाळी त्याच्याकडे पाणी वळवतो, मनाला येईल तशी चारी कोणी फोडत नाही. शरीरातही तसंच आहे, नळी काढायला लावणारी रसायनं आहेत आणि थांबवणारीही आहेत, आणि मोठ्या माणसाच्या मेंदूत थांबवणाऱ्यांचं चालतं.

आता खरी गंमत वाटते ती इथे. प्रत्येक पेशी एचआयएफ नावाचं प्रोटीन सतत बनवते आणि काही मिनिटांत मोडूनही टाकते. मोडायच्या आधी त्याच्यावर खूण करावी लागते आणि त्या खुणेला ऑक्सिजनच लागतो! म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, प्रोटीन टिकतं, केंद्रकात जातं आणि व्हीईजीएफचा जीन चालू करतं, हा व्हीईजीएफ म्हणजे जवळच्या रक्तवाहिनीला फांदी काढ म्हणून सांगणारा निरोप. या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना.

ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या गाठीत मधला भाग गुदमरून मरतो, आणि त्याच्या कडेला दाटीने उभ्या असलेल्या पेशी हा निरोप सगळ्यात जास्त सोडतात. पण तेवढंच नाही, बऱ्याच गाठींत पेशीला वाढायला लावणाऱ्या ईजीएफआर या जीनच्या कितीतरी जास्तीच्या प्रती असतात, त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असला तरी व्हीईजीएफ बनतच राहतो, आणि पेशीच्या वाढीला आवर घालणारा पी53 हा जीन बिघडला की थ्रोम्बोस्पॉन्डिन हा नवीन नळ्यांवरचा ब्रेकही कमी पडतो. पाटकरीच राहिला नाही म्हणा ना.

अशा घाईत निघालेल्या नळ्या वाकड्या आणि गळक्या असतात. रक्त नीट वाहत नाही म्हणून ऑक्सिजन कमीच, म्हणून परत निरोप. इंजेक्शनमधलं औषध याच नळ्यांतून बाहेर झिरपतं, तीच फिल्मवरची पांढरी कडी. सोबत पाणीही झिरपतं, मेंदूला सूज येते, डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने ती गळती कमी होते म्हणून मामांना दोन दिवसांत बरं वाटलं होतं, गाठ मात्र तेवढीच होती.

व्हीईजीएफला धरून ठेवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत 2009 मध्ये परत उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठी मंजूर झालं. कडी फिकी होते, सूज उतरते, स्टिरॉइड कमी करता येतं, पेशंटला याचा खरंच आराम पडतो. पण 2014 मध्ये नव्या पेशंटांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यात गाठ परत वाढायला तीन-चार महिने जास्त लागले, एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. नवीन चारी बंद झाली की काही पेशी मेंदूतल्या आधीच्याच चांगल्या रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने सरकत जातात, आणि त्या वाहिन्या गळत नसल्याने तिथे पांढरं काही दिसतच नाही. म्हणून फिल्म बघून घरचे खूश होतात तेव्हा मी डॉक्टरांना एवढंच विचारायला सांगतो, गाठ कमी झाली का फक्त गळती?