हूडिया निराळी, कॅरलुमा निराळी

वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलच्या जाहिरातींत हूडिया आणि कॅरलुमा या दोन वनस्पतींची सर्रास सरमिसळ होते: फोटो एकीचा, गोष्ट दुसरीची. दोघी रुईच्याच कुळातल्या. निवडुंगासारख्या दिसल्या तरी निवडुंग नव्हेत. साम्य साधारण इथवरच.

जाहिरातीतली ती वाळवंटाची गोष्ट हूडियाची. ही कालाहारीकडची, दक्षिण आफ्रिका-नामिबियातली. खोड काकडीएवढं जाड आणि काटेरी, फूल बशीसारखं पसरट, वास सडक्या मांसाचा, कारण परागीभवन माश्यांकडून करून घ्यायचं असतं. लांबच्या शिकारीला निघालेले तिथले आदिवासी सान लोक काटे काढून हिचा गर चघळत. भूकही दबे, तहानही. दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात त्यातल्या ‘पी५७’ या घटकावर पेटंट घेतलं, सान लोकांना न विचारताच. बोभाटा झाला, तेव्हा २००३ मध्ये रॉयल्टीतला ६ टक्के वाटा देण्याचा करार झाला. पण वाटा मिळायला आधी माल तर खपायला हवा! त्यापासून औषध बनवू पाहणारी फायझर कंपनी त्याच वर्षी बाहेर पडली, नंतर आलेल्या युनिलिव्हर कंपनीने २००८ मध्ये हात झटकले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त वजनाच्या स्त्रियांना १५ दिवस अर्क दिला होता. खाणं काही कमी झालं नाही. मळमळ, उलट्या मात्र झाल्या आणि रक्तदाब वाढला.

कॅरलुमा फिंब्रिआटा आपल्याकडची. दख्खनच्या कोरड्या, खडकाळ माळावर, काटेरी झुडपांच्या आडोशाला उगवते. खोड बोटाएवढं, चौधारी, बिनकाट्याचं. फुलं इवलीशी, कडेला जांभळट केसांची झालर. तेलुगूत हिला कुंदेटी कोम्मुलु म्हणतात. दक्षिणेत ती कच्ची खातात, चटणी करतात, लोणचंही घालतात. बेंगळुरूच्या चाचणीत (२००७) ५० जणांवर प्रयोग झाला. अर्काची मात्रा रोज १ ग्रॅम, ६० दिवस. भूक आणि कमरेचा घेर कमी झाला, वजनात मात्र लक्षणीय फरक नाही. म्हणजे हूडियापेक्षा बरी, पण ‘महिन्यात दहा किलो’ वगैरे थापाच. शिवाय ताटातली चटणी वेगळी आणि कॅप्सूलमधला दाट अर्क वेगळा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

डोंगरात हिंडणाऱ्यांसाठी एक: जुन्नर-शिवनेरीकडची शिंदळ माकुडी हिच्याच नात्यातली. ती फक्त महाराष्ट्रात सापडते आणि नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. पावसाळ्यात तिला ठसठशीत पानं असतात, त्यावरून ओळखा आणि आहे तिथेच राहू द्या.