पेटीवरची कॉर्ड आणि वरचा सूर : पार्श्वभूमी

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी धरलेले दोन-तीन सूर. पेटीवर खाली सा-ग-प ही कॉर्ड धरलेली असताना गाणारा शुद्ध मध्यमावर थांबला की कानाला टोचतं, कारण ग आणि म यांच्यात अर्ध्याच स्वराचं अंतर आहे. खाली म-ध-सा धरलं तर तोच मध्यम निवांत बसतो. युरोपात 1600 च्या आसपास यावरून मोठा वाद झाला. टोचणारा सूर आधी जुळत्या कॉर्डमध्ये ऐकवून मग आणायचा आणि एका पायरीने उतरवून सोडवायचा, ही जुनी शिस्त होती. तिथल्या नव्या रचनाकारांनी ती मोडली.

आपल्याकडे कॉर्ड आली ती वाद्यामागून. पॅरिसमध्ये 1842 साली हार्मोनियमचं पेटंट झालं. पुढच्याच वर्षी सांगलीत मराठी नाटक उभं राहिलं, तेव्हा त्यात पेटी नव्हती. पुढे संगीत नाटकात पायपेटी आणि ऑर्गन आले. भाता पायाने चालत असल्याने दोन्ही हात मोकळे झाले आणि डाव्या हाताने सूर भरता येऊ लागले. हातपेटीत मात्र डावा हात भात्यात अडकतो. जी काही कॉर्ड धरायची ती उजव्या हातानेच, चालीच्या शेजारी.

1940 मध्ये सरकारी रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती 1971 मध्ये सैल झाली, तीही अटींसह. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि तिचे सूर समान अंतरांवर बांधलेले असतात, हे दोन आक्षेप खरे होते. पण सगळी चर्चा एकेकट्या सुराच्या शुद्धतेवर अडली. तो सूर कशावर उभा आहे, हा प्रश्न मागे पडला आणि तीस वर्षांचं नुकसान झालं. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी (तारेची झंकार) नीट लागली की खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतूनच गंधार ऐकू येतो. म्हणजे खाली सा-ग-प आधीच वाजत असतं. पेटीचा ग त्याहून सुमारे 14 सेंट चढा (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट). मधल्या पांढरी एकच्या (म्हणजे C या पट्टीच्या) सा वर तो धरला तर आवाजात सेकंदाला सुमारे 10 हेलकावे येतात. त्यावर उपाय होता: रीड (पेटीतली कंप पावणारी धातूची पट्टी) टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. बंदीने ती कारागिरी वाढवली नाही, वाद्यच बाजूला ठेवलं.

नंतर भावगीतं, ऑर्केस्ट्रा आणि कीबोर्ड आले आणि डावा हात पुन्हा मोकळा झाला. तेव्हापासूनची नेहमीची चूक म्हणजे भूप रागाला अखंड सा-ग-प. गाणारा धैवतावर ठेहराव घेतो तेव्हा ध-सा-ग धरावं. रिषभावर प-नी-रे धरलं तर रागात नसलेला निषाद घुसतो. तिथे नुसतं प-रे पुरतं. यमन रागात तीव्र मध्यम सा-ग-प वर लांबवला की पंचमाला घासतो. द्रुत तानेत तोच सहज निघून जातो, समेवर आला तर लपत नाही. मंद्र (खालच्या) सप्तकात ग सा ला चिकटवून धरला तर आवाज गढूळ होतो. खाली फक्त सा-प ठेवावं, ग मध्य सप्तकात घ्यावा.

काही कीबोर्डांवर प्रत्येक पट्टीचा सूर सेंटमध्ये बदलता येतो. पांढरी एकला ग 14 सेंट उतरवला की तो तानपुऱ्याशी मिळतो. मात्र सा काळी एकवर (C च्या लगतच्या काळ्या पट्टीवर) नेला की तीच पट्टी कोमल गंधार होते. समान अंतरांचा कोमल ग नैसर्गिक कोमल गंधारापेक्षा मुळातच सुमारे 16 सेंट कमी, तो आता 30 सेंट कमी पडतो. म्हणून सा बदलला की सगळी मांडणी नव्याने भरावी लागते.