कड पांढरी पडली, त्यात भंगाराचा काय दोष?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत एक समज पक्का आहे: बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगची पातळ कड ड्रिलला दाद देत नसेल, तर वितळवलेल्या भंगारात भेसळ होती.

तो तुकडा मोडून बघा. जाड भाग करडा, कड पांढरी चकचकीत. रस एकच, फरक थंड होण्याच्या वेगाचा. सावकाश थंड होताना कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो. पातळ कडेला तेवढी सवडच मिळत नाही, म्हणून तो लोखंडात अडकून कठीण सिमेंटाइट बनतो. ही अवस्था खरी स्थिर नाहीच: सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तास न् तास तापवलं की सिमेंटाइट फुटून ग्रॅफाइट सुटतं.

क्रोमियमवालं भंगार हा त्रास वाढवतं, हे खरं. पण ओतताना फेरोसिलिकॉन (ग्रॅफाइट सुटायला मदत करणारा लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) नीट पडलं का, ते आधी तपासा.