निन्जा 650 आणि झेडएक्स-6आर: दिसायला सारख्या, रोज न्यायला वेगळ्या

दोघी कावासाकीच्या, दोघींचं नाव निन्जा, दोघींचा रंग पोपटी, दोघींच्या अंगावर पुढून मागपर्यंत फेअरिंग, म्हणजे इंजिन झाकणारं आवरण. एकीचं इंजिन 649 सीसीचं, दुसरीचं 636 सीसीचं. वजन अनुक्रमे 196 आणि 198 किलो. आपल्याकडे सुपरबाईक घ्यायला निघालेला पोरगा हे आकडे वाचतो आणि हिशोब मांडतो: थोडे पैसे वाढवले तर तेवढ्याच सीसीची, तेवढ्याच वजनाची गाडी जवळजवळ दुप्पट ताकदीची मिळते. मग 650 वर का थांबायचं? झेडएक्स-6आर घेऊ आणि तीच रोज कंपनीत नेऊ.

हा हिशोब मी छत्रपती संभाजीनगरात इतक्यांच्या तोंडून ऐकलाय, की दोन्ही गाड्या एकदा नीट शेजारी ठेवून बघाव्यात असं वाटलं. मी सिडकोतून वाळूज एमआयडीसीत 650 वर जातो, आणि मित्राची झेडएक्स-6आर त्याच रस्त्यावर, त्याच गर्दीच्या वेळी चालवलेली आहे. दोन्ही गाड्या उत्तम आहेत. पण त्या एकाच कामासाठी बनवलेल्या नाहीत.

सुरुवात इंजिनापासून करावी लागेल, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. 650 मध्ये दोन सिलिंडर आहेत, म्हणजे एकेक साधारण सव्वातीनशे सीसीचा. झेडएक्स-6आरमध्ये चार, एकेक 159 सीसीचा. 650 चा पिस्टन खालीवर 60 मिलिमीटर धावतो, झेडएक्सचा फक्त 45.1. पिस्टनला कमी अंतर कापायचं असलं की तो जास्त वेळा खालीवर होऊ शकतो, म्हणून झेडएक्सचं इंजिन 13,000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, आपली सव्वाशे पीएसच्या (अश्वशक्तीच्या) घरातली ताकद देतं. 650 ची 68 पीएस ताकद 8,000 आरपीएमलाच येते.

आता टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघा. 650 चा 64 न्यूटन मीटर, झेडएक्सचा 69. फरक फक्त पाचाचा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनाचे फेरे. टॉर्क जवळजवळ सारखा असताना ताकद दुप्पटीला जाते, याचा अर्थ झेडएक्सची सगळी वरची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. 650 चा सगळ्यात जास्त टॉर्क 6,700 आरपीएमला मिळतो, झेडएक्सचा अकरा हजारांच्या आसपास. त्याच्या खाली ती जास्तीची ताकद तुमच्या हाताला लागतच नाही.

जालना रोडवर सकाळी नऊला इंजिन किती फिरतं? सेव्हन हिलपासून आकाशवाणी, मोंढा नाका, अमरप्रीत, क्रांती चौक असं जाताना मीटरचा काटा बहुतेक वेळ तीन ते पाच हजारांच्या मध्ये असतो. त्या पट्ट्यात 650 झेडएक्सपेक्षा जोरात ओढते. ऐकायला विचित्र वाटतं, पण चालवून बघितल्यावर पटतं. सिग्नल सुटला, पुढे रिक्षा, बाजूला सिटी बस, मध्ये गाडीभर जागा. 650 ला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हलकी रेस दिली की ती जागा घेते. झेडएक्सला तिथे गिअर खाली टाकावा लागतो, रेस वाढवावी लागते, आणि इंजिन रंगात येईपर्यंत पुढचा सिग्नल आलेला असतो. तिचा पहिला गिअरच ताशी शंभराच्या आसपास जातो. शहरात पंचवीसच्या वेगानं सरकायचं तर अर्धा वेळ हाफ क्लचवर काढावा लागतो. मोंढा नाक्यावर डावा पंजा दुखायला लागतो तो यामुळे.

ज्यांच्या घरी एके काळी कावासाकी बजाज होती त्यांना हे आणखी नवल वाटेल. केबी 100 आणि 4एस चॅम्पियनच्या दिवसांत कावासाकी हे नाव आपल्याकडे एव्हरेजसाठी घेतलं जायचं. पण जपानमध्ये याच कंपनीनं 1984 ला पहिली निन्जा, जीपीझेड900आर, काढली ती वेगासाठी. झेडएक्स-6आर त्याच घराण्याची. ती 600 सीसीच्या सुपरस्पोर्ट शर्यतींच्या वर्गातून वाढली. आताचे 636 सीसी हे रस्त्यावर खालच्या फेऱ्यांत थोडी ओढ यावी म्हणून वाढवलेले आहेत, पण गाडीची हाडं शर्यतीचीच राहिली. 650 चा वंश वेगळा. तिच्या आधीची ईआर-6एफ ही रोज वापरायची, लांब जायची गाडी होती. म्हणजे नाव आणि कपडे एका घरचे, सांगाडा दुसऱ्या घरचा.

आता बसण्याकडे येतो. इंजिनाशी माणूस जुळवून घेतो, हे मात्र शरीराला सोसावं लागतं.

झेडएक्सचं हँडल म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन फोर्कना स्वतंत्र बांधलेले दोन दांडे, आणि तेही फोर्क जोडणाऱ्या वरच्या पट्टीच्या खाली. पाय ठेवायचे फूटपेग उंच आणि मागे. सीट 830 मिलिमीटर उंच. बसलात की कंबर वर, खांदे पुढे, आणि धडाचं वजन सरळ मनगटांवर. शर्यतीच्या ट्रॅकवर हे बरोबर आहे. तिथे वेग इतका असतो की समोरून येणारा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार कमी होतो. ब्रेक लावताना गुडघ्यांनी टाकी धरायची, वळणावर शरीर आत टाकायचं, यासाठीच ती ठेवण केलेली आहे. शहरात हा वारा नसतो. तीस-चाळीसच्या वेगात तुमचं धड तुम्हालाच पेलावं लागतं, पोट आणि पाठ कसलेली नसेल तर सगळं तळहातांवर येतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग आधी मुंग्या येऊन बधिर होतो, मग मान दुखते, कारण खाली वाकून वर बघावं लागतं. नगर नाक्याच्या गर्दीत मागे बघायला आरशात नजर टाकली तर अर्ध्या आरशात आपलंच कोपर दिसतं.

650 चं हँडलही वेगळे दोन दांडेच आहेत, लांबून दोन्ही गाड्या सारख्या दिसतात त्याचं हे एक कारण. पण ते वर उचललेले आहेत. सीट 790 मिलिमीटर. चार सेंटिमीटरचा फरक कागदावर छोटा, पण साडेपाच फुटांच्या माणसाचा पाय सिग्नलला पूर्ण टेकतो की चवड्यावर राहतो, हे त्या चार सेंटिमीटरांवर ठरतं. सिग्नलजवळ काळ्या मातीचा थर असला, वर पावसाचे चार थेंब पडले, आणि दोनशे किलोची गाडी चवड्यावर धरायची असली, की हा फरक किती मोठा आहे ते कळतं.

झेडएक्सचं हँडल वळतंही कमी. यू-टर्न घेताना किंवा पार्किंगमधून गाडी काढताना 650 एका दमात फिरते, झेडएक्सला पुढेमागे करावं लागतं. हँडल पूर्ण वळवलं की अंगठा टाकीला घासतो.

मराठवाड्यात कोणतीही मोठी गाडी रोज वापरायची म्हणजे एप्रिल-मेचा विचार आधी करायला हवा. पारा बेचाळीसला, खाली तापलेलं डांबर, आणि इंजिन पाण्यानं थंड होतंय ते समोरच्या रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेवर. गाडी चालत असते तेव्हा हवा आपोआप मिळते. थांबली की पंखा चालू होतो आणि रेडिएटरची गरम हवा मागे, म्हणजे तुमच्या पायांवर येते. दोन्ही गाड्यांना हे आहे. पण चार सिलिंडरांचं, 12.9 कॉम्प्रेशनचं (म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण तितक्या पटीनं दाबणारं) इंजिन जास्त तापतं, आणि ते दोन मांड्यांच्या मध्ये आडवं, रुंद बसवलेलं असतं. दुपारच्या शिफ्टला निघालात आणि दोन सिग्नल लागोपाठ लाल लागले, तर जीन्समधून चटका जाणवतो. सिग्नलचे आकडे तीसच्या वर दिसले की इंजिन बंद करायची सवय झेडएक्सवाल्यानं लावूनच घ्यावी. 650 चं कॉम्प्रेशन 10.8, सिलिंडर दोन, उष्णता कमी. तापते तीही, पण सोसवते.

आता जिथे 650 काही वरचढ नाही, तेही सांगायला हवं. जमिनीपासूनची उंची दोघींची सारखीच, 130 मिलिमीटर. रांजणगाव शेणपुंजीकडे, किंवा कुठल्याही गावाच्या वेशीवर लोकांनी स्वतःच घातलेले जे उभे ब्रेकर आहेत, ते दोघींच्या पोटाला लागू शकतात. तिरपी गाडी काढायची, मागे कुणी बसलं असेल तर उतरवायचं. 650 ची सस्पेन्शन मऊ आहे म्हणून खड्डा पाठीत बसत नाही एवढंच. झेडएक्सचा पुढचा फोर्क ट्रॅकवरच्या जोरदार ब्रेकिंगसाठी कडक ठेवलेला असतो, तिथे प्रत्येक जोड, प्रत्येक ठिगळ मनगटापर्यंत येतं.

टायरचंही तसंच. दोघींचा पुढचा 120 चाच, मागचा मात्र झेडएक्सला 180 आणि 650 ला 160. मोठा टायर वळणावर झुकण्यासाठी आहे. वाळूजचा रस्ता सरळ, त्यामुळे टायर मधोमध चपटा झिजतो आणि कडा नव्याच राहतात. मग तोच टायर वळणावर विचित्र वागायला लागतो, आणि बदलायला निघालं की किंमत खिशाला लागते. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर पडलेली कांडी, रात्री मागे लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, बीड-गेवराईच्या बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल, यातून जाताना दोन्ही गाड्यांवर सारखीच काळजी घ्यावी लागते. फक्त झेडएक्सवर खाली वाकून बसल्यामुळे लांबचं कमी दिसतं.

काही जण म्हणतात, शहर सोडा, हायवेवर तरी झेडएक्स खुलेल ना? तिथे नियमच आडवे येतात. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावरही दुचाकीला ताशी 80 ची कमाल मर्यादा आहे, महापालिका हद्दीत 60 ची. आणि जालना, संभाजीनगर या दोन्ही जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, मग ती शंभर सीसीची असो की हजारची. 80 च्या वेगात सहाव्या गिअरला झेडएक्सचं इंजिन आपल्या ताकदीच्या फेऱ्यांच्या निम्म्यालाही पोहोचलेलं नसतं. तिला मोकळं सोडायचं खरं ठिकाण म्हणजे चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाचा ट्रॅक. इथून ते सगळे लांब.

पैशाचं थोडक्यात. जानेवारी 2024 मध्ये झेडएक्स-6आर भारतात परत आली तेव्हा एक्स-शोरूम 11.09 लाख होती, 650 तेव्हा साधारण सव्वासात लाखांच्या आत. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी 40 टक्के झालाय, तेव्हा आजचा भाव शोरूममध्येच विचारा. शहरात 650 वीसच्या आसपास एव्हरेज देते, झेडएक्स पंधराच्या. चार सिलिंडर म्हणजे प्लग चार, व्हॉल्व्ह सोळा. 650 ला याच्या निम्मे. सर्व्हिसच्या बिलात ते दिसतं. त्याहून महत्त्वाचं, परभणी, हिंगोली, लातूर, नांदेडच्या माणसानं आधी बघावं की अधिकृत सर्व्हिस सेंटर आपल्या दारापासून किती किलोमीटरवर आहे. रोजची गाडी सर्व्हिसला दोन दिवस गेली तर कामावर जायचं कशावर, हे आधी ठरलेलं हवं.

मागच्या सीटचं सांगायचं तर झेडएक्सची मागची सीट नावापुरती. 650 वर बायको किंवा मित्र तासभर बसू शकतो. आईला साडीत एका बाजूला पाय सोडून दवाखान्यात न्यायचं असेल, तर या दोन्ही नकोत, घरात स्कूटी ठेवा.

एवढं सगळं वाचूनही कुणाला झेडएक्सच घ्यायची असेल, तर मी त्याला अडवणार नाही. रविवारी पहाटे म्हैसमाळच्या रस्त्याला ती वळणावर ज्या खात्रीनं झुकते, तशी 650 झुकत नाही. ब्रेकचा भरवसा, इंजिनाचा आवाज आठ हजारांच्या पुढे बदलतो ती जागा, हे सुख खरं आहे आणि ते वाजवी किमतीत मिळत नाही. पण मग रोजसाठी दुसरी गाडी असू द्या. आणि तीच रोज न्यायची असेल तर गर्दीच्या आधी निघा, पॉवर मोड लो वर, म्हणजे कमी ताकदीवर, ठेवा, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची सवय लावा म्हणजे हात मोकळे राहतील, आणि पोटापाठीचा व्यायाम सुरू करा. यातलं शेवटचं सगळ्यात उपयोगी आहे, मी मित्राला तेच सांगितलं आणि त्याची मनगटं त्यानंच वाचली.

शोरूमवाले ट्रायल बहुतेक सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, पाच मिनिटांची देतात. त्यात झेडएक्स प्रत्येक वेळी जिंकणार. तुम्ही संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावरची वेळ मागा, दोन्ही गाड्या एकामागोमाग मागा, आणि क्रांती चौक ते नगर नाका जाऊन परत या. हेल्मेट, जॅकेट, पाठीवरची डब्याची बॅग, जे रोज असणार ते सगळं घालून जा. विक्रेत्यानं नाही म्हटलं तर आपल्या ओळखीत कुणाकडे गाडी आहे ते शोधा आणि त्याच्या मागे लागा.